तापातलं दूध

काशम्माने सकाळपासूनचा सातवा लंगोट पाण्यात बुडवला. हिरवट पाणीच नुसतं. आंबूस वासाने मोरी भरून गेली.

आत नणंद शरणम्मा तापाने फणफणत होती. पहिलटकरीण, माहेरी बाळंत झालेली. उजवी छाती दगडासारखी लागली, तसं रविवारी सासूने, सिद्धम्माने, लेकीच्या कुशीतून बाळ काढून घेतलं होतं.

"तापातलं दूध म्हंजे इख. डब्याचं पाजायचं."

तीन वर्षांपूर्वी, एकाहत्तर साली, हेच म्हणत सासूने काशम्माचं नऊ दिवसांचं पोर ओढून नेलं होतं. इकडे तिचं पोलकं दुधाने भिजायचं, तिकडे पोराच्या तोंडात बाटली. पोट वाहू लागलं आणि पाचव्या दिवशी ते गेलं. सुनेच्या नासक्या दुधानं गेलं, असं सिद्धम्माने गल्लीभर सांगितलं. महिन्याने काशम्माच्या छातीतली गाठ फोडताना दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "पाजत राहायचं होतं गं. दोघं बरी झाली असती." ते वाक्य काशम्माने घरात कुणालाच सांगितलं नाही.

आताही ती बोलली नाही. रविवार गेला, सोमवार गेला. सासू सांगेल तशी ती डब्याची पावडर कालवत राहिली. सासूचा चेहरा उतरत चालला, काशम्माची भाकरी मात्र रोज टम्म फुगत होती.

गुरुवारी दुपारी बाळ रडलं, पण डोळ्यांत टिपूस आलं नाही. मग ते रडायचंही थांबलं. काशम्माच्या हातातला पिळा तसाच बादलीत पडला.

"अत्याबाई, टांगा आणायला सांगते. शरणाला उठवा. तुमीबी चला."

दवाखान्यात तीच सिस्टर होती. काशम्मा भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुमीच इचारा की, अत्याबाई."

सिद्धम्माने चाचरत विचारलं.

"विष कसलं?" सिस्टर बाळाचं पोट चाचपत म्हणाल्या. "बाळाच्या आतड्यात चांगले जंतू असतात, ते आईच्या दुधावर पोसतात. ते दूध तोडलंत आणि बाटलीतून वाईट जंतू घातलेत. आईला औषध देते. दुखरी बाजू आधी पाजायची. कुणी सांगितलं होतं तोडायला?"

सिद्धम्मा पदराचं टोक चुरगाळत राहिली.

दोन दिवस सलाईन लागलं. रविवारी सगळी घरी आली, तेव्हा बाळ आईला बिलगून घटाघटा पीत होतं.

सिद्धम्मा ओट्यावर बसली होती. तिने सुनेला विचारलं, "तुला कवा कळलं ह्ये?"

"माजं गेलं, त्येच्या महिन्यानं."

सासूची बोटं एकेक दिवस मोजत गुरुवारपाशी थांबली.

"म्हंजे ह्ये चार दिस तुला ठावं हुतं."

"व्हय."

"आन् गप बसलीस."

"व्हय."

आतून शरणम्माचा आवाज आला. "अव्वा, वैनी हुती म्हणून माजं पोर वाचलं बग."

सिद्धम्मा ताडकन उठली. दाराच्या चौकटीला हात टेकून लेकीकडे पाहू लागली; ओठ हलले.

"सांगा की तिला," मागून काशम्मा हळूच म्हणाली. "मी गप बसले, खरं हाय त्ये. फकस्त पयल्यापासनं सांगा. माज्या पोरापासनं."

सिद्धम्मा उंबऱ्यावरच खाली बसली. काशम्माने तिच्या अंगावरून जपून पाय टाकला आणि ती आत गेली.