उलट्या हाताचा टाका

"तुझ्या बायकोला एकदा विचार, माझ्या जागेखाली तिचं काय पुरलंय?" म्हातारीनं कारखान्याच्या दारातूनच लेकाला सुनावलं. "मी यायच्या आधी येते, माझ्या स्टुलावर बसते, आणि माझी चाहूल लागली की दूध प्यालेल्या मांजरीसारखी तोंड पुसत उठते. विचारलं तर म्हणे, झाडून घेत होते. इतकं झाडलं असतं तर एव्हाना फरशी झिजून खालच्या घरात पडली असती."

लेक मशीनवर वाकला होता. पिशवीच्या तळाला शिलाई मारत होता. त्यानं मान वर केली नाही. "स्टूलच ना, आई? सिंहासन आहे का ते?"

"आहे. खोटं वाटत असेल तर तुझ्या बापाला विचार."

बाप भिंतीवरच्या फोटोत होता. जिवंत होता तेव्हाही त्यानं बायकोविरुद्ध कधी साक्ष दिली नव्हती.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला लेकाचं मशीन, दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी म्हातारीचं स्टूल, आणि मध्ये चामड्याच्या गुंडाळ्या रचलेल्या. पिशव्या, पाकिटं, कमरेचे साधे पट्टे कधीच मशीनकडे गेले होते, त्याचं म्हातारीला काही नव्हतं. पण झाडं छाटणारे, खांबावर चढणारे, उंच इमारतींच्या काचा पुसणारे, अशांचे पट्टे तिच्या हातचे. ज्यावर माणूस लटकतो ते हातानंच शिवायचं, हा तिचा कायदा. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा खालच्या दोऱ्याचा नुसता हात धरतो. एकानं सोडला की पुढचे सगळे सोडत जातात, वाटणीला बसलेल्या भावांसारखे. हाताच्या शिलाईत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. त्याच भोकातून एक इकडून तिकडे जाते, दुसरी तिकडून इकडे येते. मधला एक टाका तुटला तरी शेजारचे दोघे आपापली जागा सोडत नाहीत.

हे ती चाळीस वर्षं सांगत आली होती. आता सांगायचाही कंटाळा आला होता. गेल्या थंडीपासून आरीनं पाडलेलं भोक तिला नीट दिसत नव्हतं, सुईच्या टोकानं चाचपून शोधावं लागे. दुपार झाली की मनगटात ठणका, पाठीत कळ. घरी जाताना चार पायऱ्या चढायच्या तर दोनदा थांबायची. पण तोंडातून ब्र काढला नव्हता. काढला असता तर लेकानं दुसऱ्याच दिवशी पट्टे मशीनखाली घातले असते. "जाड चामडंसुद्धा शिवतं हे, आई," असं तो येता जाता सुनवायचाच. म्हणून ती बसायची. शिवण्यापेक्षा बसण्याचीच मेहनत जास्त झाली होती.

सून नवीन आली तेव्हा तिनं तिला शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी बघते तर पोरीनं आरी डाव्या हातात धरलेली. म्हातारीनं तिच्या गुडघ्यांमधून लाकडी चिमटा काढून घेतला. "उलट्या हाताचा टाका उलटाच पडणार. तू कडा घास." सहा वर्षं झाली. सून कडा घासत होती, बकलं ठोकत होती, आणि बोलायचं म्हणजे "हो आई" आणि "नाही आई". त्यातलं दुसरं क्वचित.

आज म्हातारी स्टुलावर बसली आणि चिमटा गुडघ्यांत घेतला. चिमटा आवळून धरणारा पट्टा पायाखाली घालायचा असतो. तो तिच्या नेहमीच्या भोकात होता, पण त्याच्या पुढचं भोक ओढून लांबट झालं होतं. सुनेचे पाय तिच्यापेक्षा लांब. मेणाच्या वडीवरही एक नवी खाच. 'झाडून घेत होते म्हणे!' म्हातारीनं ओठ आवळले. आपण अजून उठलो नाही तोवर ही जागा मापून ठेवतेय.

तेवढ्यात दारात अंधार झाला. झाडं छाटणारा आला होता. दारात मावायचा नाही असा गडी, आणि सगळे त्याला खार म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी नेलेला पट्टा त्यानं तिच्या मांडीवर ठेवला.

"काकी, दोन भोकं वाढवून द्या. पोट सुटलंय."

"खारीनं एवढं खाल्लं तर फांदीनं काय करावं?" म्हातारीनं पट्टा उचलला आणि सवयीनं शिलाईवरून अंगठा फिरवला. अंगठा थबकला. तिनं पट्टा उलटा केला, पुन्हा फिरवला.

तिचा टाका पुढून तिरका पडायचा आणि मागून सरळ. हा पुढून सरळ होता, मागून तिरका.

"हा माझा नाही."

"काय बोलता काकी! तुमच्याच हातून घेतला की."

"माझा अंगठा सांगतोय, माझा नाही." तिचा आवाज चढला. "काय रे, मशीनवर मारलास?"

मशीन थांबलं. लेक उठून आला, पट्टा पाहिला. "मशीनचा टाका असा असतो का? मला यातलं काही माहीत नाही."

"मी शिवलाय," मागून सून म्हणाली. घासायचं लाकूड तिनं खाली ठेवलं. "आधी तुमचा उसवला. तीन महिने हेच करतेय."

खार दाराकडे सरकू लागला. "उभा राहा!" म्हातारी गरजली. "तुझाच जीव टांगलाय त्यावर. आणि तू गं, उसवलास? माझा टाका? कुणाला विचारून?"

सुनेनं फळीवरून बटणांचा पत्र्याचा डबा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. आत बटणं नव्हती. मेण लावलेल्या दोऱ्याचे तुकडे होते, तिच्याच शिलाईतून उसवलेले, जोडीजोडीनं.

म्हातारीनं एक जोडी उचलली, ओढून सोडवायला गेली. सुटेना. दुसरी घेतली, तीही तशीच. डोळ्यांना दिसायची गरज नव्हती. एका दोऱ्याच्या पोटातून दुसरा आरपार गेलेला होता.

पहिली सुई गेली की तिचा दोरा ओढून बाजूला धरायचा, मग दुसरी घालायची. नाहीतर दुसरी सुई पहिल्या दोऱ्याला भोसकते, आणि वरून कितीही देखणा दिसला तरी तो टाका कधी आवळतच नाही. शिकायला आलेल्या प्रत्येकाला तिनं पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. दोराफोड्या ही तिची सगळ्यांत मोठी शिवी. ती देऊन तिनं तिघांना दाराबाहेर काढलं होतं.

डब्यात अशा जोड्या किती होत्या ते तिनं मोजलं नाही.

तिनं डबा बंद करून बाजूला ठेवला. मग म्हातारीनं हात पुढे केला. "रापी दे."

रापीच्या टोकानं तिनं पट्ट्याच्या ऐन मध्यावरचा एक टाका कापला.

"अहो काकी!" खार ओरडला. "मी पडेन ना वरून!"

"तेच बघायचंय. वर नाही, इथं." तिनं छताच्या कडीकडे बोट दाखवलं. चामड्याच्या गुंडाळ्या वर चढवायची कडी होती ती. लेकानं पट्टा अडकवला. "लटक. पाय वर घे. आता हिसके दे. दमलास? लाजू नकोस, फांदीवर लाजतोस का?"

कडी करकरली, छतातून माती पडली, खारीच्या कपाळावर घाम आला. पट्टा उतरवल्यावर म्हातारीनं कापलेल्या जागेवर अंगठा ठेवला. शेजारचे दोन्ही टाके तसूभरही हलले नव्हते.

"भोकं नवी पाडलीस?"

"नाही, जुनीच. नव्यानं पाडली तर पट्टा तिकिटासारखा फाटतो. तुम्हीच सांगायचात."

"तुला कधी सांगितलं?"

"मला नाही. मी कडा घासत असताना, शिकायला येणाऱ्यांना."

म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "मला का नाही बोललीस?"

सून नवऱ्याकडे बघत म्हणाली, "बोलले असते तर पट्टे मशीनखाली गेले असते. मग आपण दोघी काय घासत बसलो असतो?"

लेक आपल्या बोटांकडे पाहू लागला. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. चिमटा गुडघ्यांतून काढला, स्टुलाच्या कडेला हात टेकून उठायला गेली. पहिल्यांदा जमलं नाही. सुनेनं हात पुढे केला, तो तिनं झटकला आणि दुसऱ्या वेळी स्वतःच उठली. मग घासायच्या फळीपाशी, सुनेच्या मोडक्या खुर्चीत जाऊन बसली.

"आता ऐक," ती म्हणाली. "तीन महिने माझ्या नावावर चांगलं काम खपवलंस, हा गुन्हा मी विसरणार नाही. आणि जो डावा हात पाहून तुझ्याकडून चिमटा काढून घेतला, तो चुकला नव्हता, माझी अक्कल चुकली होती. हे मी एकदाच बोलतेय, परत बोलायला लावू नकोस. उद्यापासून चिमटा तुझ्या गुडघ्यात. मी दोऱ्याला मेण लावीन, कडा घाशीन आणि तुझा प्रत्येक पट्टा अंगठ्याखालून काढीन. डोळे गेलेत, अंगठा शाबूत आहे. आधी या गड्याचा कापलेला टाका भरून दे, त्याला झाडावर जायचंय. आणि पायातला तो पट्टा तुझ्या मापाच्या भोकात घाल, रोज सकाळी माझ्या भोकात आणून ठेवायची नाटकं बंद."