एकोणिसाव्या कलमाची पूर्तता

खुर्शीदाच्या मयतीचा चाळीसावा झाला त्या शुक्रवारी, पाहुणे जेवून गेल्यावर, झुंबरबाई आली. ती घरात आली नाही. ओट्यावरच टेकली. पदरातून आणलेले आंबेमोहर तांदूळ तिनं निजामच्या पुढ्यात सरकवले आणि म्हणाली, "तुमची बायको लय बोलायची, भाऊ. आता शेडात नुसत्या सुया वाजत्यात."

"घरात पण तसंच आहे, मावशी," निजाम म्हणाला.

"पावसाळ्यात मातर ती सारकं एकच बोलायची. कापूस ओला हाय, कापूस ओला हाय. मुकादम म्हनायचा, गप भर. मग ती म्हनायची, थांबा, माज्या मालकाकडं वही हाय, मी त्यास्नी सांगते." झुंबरबाई जरा थांबली. "सांगितलं का तिनं?"

निजामनं तांदळाकडं बघितलं. "सांगितलं होतं," तो म्हणाला.

"मग?"



लढाईच्या त्या वर्षांत तुंगार्लीच्या अंगाला नौदलाचा एक साहित्य डेपो उभा राहिला होता. समुद्र घाटाखाली लांब, पण मुंबईवर बॉम्ब पडलेच तर बोटींचं सामान घाटमाथ्यावर शाबूत राहावं म्हणून ही सोय. दोरखंड, कंदील, कॅनव्हास आणि पट्टे. बोट बुडाली तर खलाशानं छातीला बांधायचे, माणसाला पाण्यावर धरून ठेवणारे कापडी पट्टे. त्यात भरायची रुई आधी परदेशातून यायची. ती वाट लढाईनं बंद झाली, तेव्हा आपल्या रानातल्या सावरीचा कापूस चालतो असं ठरलं. तुंगार्लीच्या, वलवणच्या पन्नासेक बायका शेडमध्ये बसून तो पट्ट्यांत भरत आणि तोंड शिवत. खुर्शीदा मूळची सुदुंबऱ्याची, शिंप्याच्या घरची. तिचा हात बघून तिला पहिल्याच दिवशी कामावर घेतलं होतं.

निजाम त्याच डेपोच्या कचेरीत कारकून होता. त्रेचाळीस सालच्या फेब्रुवारीत सरकारी ऑडिटची माणसं येऊन पंधरा दिवस डेपो बघून गेली आणि एकतीस कलमांचा कागद पाठवला. अमुक दुरुस्त करा, तमुक सुरू करा. त्या कलमांचं रजिस्टर निजामकडं आलं. प्रत्येक कलमापुढं संबंधित विभागानं काय केलं ते दर तीन महिन्यांनी विचारायचं, आलेलं उत्तर लिहायचं आणि किती कलमं उघडी राहिली तो आकडा मुंबईला कळवायचा, एवढंच काम.

एकोणिसावं कलम पट्ट्यांचं होतं. भरलेल्या प्रत्येक खेपेतला एक पट्टा आठ शेर लोखंड बांधून चोवीस तास पाण्यात ठेवावा, तरंगला तरच खेप बाहेर पाठवावी.

या कलमावर मार्चमध्ये स्टोअरचं उत्तर आलं, 'आदेश दिले आहेत.' जूनमध्ये तेच आलं. कचेरीची एक रीत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, पण हेडक्लार्क अंबाजीरावांनी निजामला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. एकच उत्तर तिसऱ्यांदा आलं की ते कलम पुरं झालं असं धरायचं. पुढं 'पूर्तता झाली' लिहायचं आणि लाल रेघ मारायची.

"अहो, पण कोणी बघून यायला नको?" निजामनं तेव्हा विचारलं होतं.

"तुला काय, दोरखंड मोजायला जायचंय का? आपण कागदाला विचारतो, कागद आपल्याला सांगतो. मुंबईला उघड्या कलमांचा आकडा कमी दिसला पाहिजे. तो वाढला की साहेब आपल्याला बोलावतात. कळलं?"

निजामला कळलं होतं. नीट कळलं होतं.

ऑगस्टमध्ये खुर्शीदा संध्याकाळी घरी आली की आधी हात चुलीपुढं धरायची. एकदा चहा पिता पिता ती म्हणाली, "सुका असला की सावरीचा कापूस फुंकरीनं उडतो. डोळ्यात जातो, नाकात जातो. आन् आताचा बघा, मुठीत धरला की गोळा. पत्रा गळतोय गोदामाचा. तुमच्या वहीत हाय ना हे?"

"आहे."

"काय हाय?"

"आदेश दिलेत."

खुर्शीदा हसली. "आदेशानं कापूस वाळतो व्हय?"

तिच्या हसण्याचा त्याला राग आला. दिवसभर कचेरीत सगळ्यांचं ऐकून यायचं आणि घरी बायकोनंही ऐकवायचं. तो म्हणाला, "तू कापूस भर. वहीचं मी बघतो. आठ दिवस शेडमध्ये बसलीस म्हणून तुला नौदल कळायला लागलं?"

ती पुन्हा त्याबद्दल बोलली नाही. सप्टेंबरात स्टोअरचं तिसरं उत्तर आलं. निजामनं 'पूर्तता झाली' लिहिलं, पट्टी धरून लाल रेघ मारली आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. त्याच आठवड्यात तिसरी खेप, पावसाळ्यात भरलेले सहाशे पट्टे, गाडीनं मुंबईला गेली. पुढच्या आठवड्यात खुर्शीदाला मुदतीचा ताप भरला. एकवीस दिवस तिनं काढले. त्या तापाचा कापसाशी काही संबंध नव्हता, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. पण ती गेल्यापासून निजामला तिचं दुसरं काही आठवायच्या आधी ते हसणं आठवायचं, आणि त्यावर आपण काय बोललो ते.

"सोपान दसऱ्याला बोटीवर गेलाय," ओट्यावरून उठता उठता झुंबरबाई म्हणाली. सोपान तिचा थोरला लेक, वर्षापूर्वी नौदलात भरती झालेला. "आन् चौथी खेप मंगळवारी गाडीवर चडती म्हनत्यात. ती बी त्याच कापसाची. म्या सोता भरलीया, म्हनून सांगते."

"बघतो मी," निजाम म्हणाला.

"बगा," ती म्हणाली, आणि गेली.

शनिवारी निजामनं रजिस्टर उघडलं. लाल रेघ सरळ होती, कुठं हललेली नव्हती. त्यानं स्टोअरच्या नावानं चिठ्ठी लिहिली, 'एकोणिसाव्या कलमाच्या पडताळणीसाठी दोन पट्टे द्यावेत, एक दुसऱ्या खेपेतला शिल्लक, एक चौथ्या खेपेतला', आणि खाली स्वतःची सही केली. अशी चिठ्ठी आजवर कोणी लिहिली नव्हती, म्हणून स्टोअरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही. त्यानं दोन पट्टे काढून दिले.

रविवारी सकाळी चुलतभाऊ अल्लाउद्दीनच्या दुकानातली लोखंडी वजनं पिशवीत घालून निजाम तुंगार्लीच्या तलावावर गेला. झुंबरबाई आधीच काठावर येऊन बसली होती. दोघांनी मिळून प्रत्येक पट्ट्याला आठ शेर बांधलं आणि दोरीनं काठावरच्या झाडाला अडकवून पट्टे पाण्यात सोडले.

दुसऱ्या खेपेतला, मे महिन्यात भरलेला पट्टा बदकासारखा वर बसला. चौथ्या खेपेतलाही बसला. निजामला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

"लगीच काय कळतंय," झुंबरबाई म्हणाली. "भाकरी खाऊन घ्या. तोंड बगा कसं झालंय तुमचं. ती आसती तर माज्यावर खवळली आसती."

दुपारपर्यंत चौथ्या खेपेतल्या पट्ट्याची एक बाजू खाली गेली. उन्हं उतरली तेव्हा त्याचं नुसतं वरचं टोक दिसत होतं. दोघं घरी गेली.

सोमवारी सकाळी मे महिन्यातला पट्टा होता तिथंच होता. दुसऱ्याची दोरी सरळ खाली, पाण्यात गेली होती. निजामनं ती ओढली तर जड लागली. झुंबरबाईनं पण हात लावला. पट्टा वर आला तो मेलेल्या जनावरासारखा. तिनं शिवण दातानं उसवली आणि आत बोटं घातली. हातात काळपट लगदा आला. त्याला वास होता.

तिनं हात पाण्यात धुतला, पुन्हा धुतला आणि म्हणाली, "तिसरी खेप बी ह्याच गोदामातली."

"हो."

"ती गेली."

"गेली, मावशी."

निजाम तसाच ओला पट्टा पोत्यात घालून कचेरीत आला. अंबाजीरावांनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि खुर्ची जवळ ओढली. ते वाईट माणूस नव्हते. खुर्शीदाच्या मयतीला ते पावसात स्टेशनपासून चालत आले होते.

"निजाम, बस. घरात असं झाल्यावर माणसाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. ते पोतं बाहेर ठेव. आता ऐक. बंद केलेलं कलम उघडलंस तर साहेब काय विचारतील? पट्टा खराब कोणी भरला? प्रत्येक पट्ट्यावर भरणारीचा नंबर आहे. बायकांना काढतील. तलावावर आलेल्या त्या म्हातारीला काढतील. आणि चौथ्या खेपेत तुझ्या बायकोचेही पट्टे आहेत की नाही? गेलेल्या माणसाच्या नावावर ठपका आणणार तू?"

हे निजामच्या डोक्यात आलंच नव्हतं. अंबाजीरावांनी ते त्याच्या पाठीवर हात ठेवून, मायेनं सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.

"मी स्टोअरला सांगतो, पुढच्या खेपेपासून कापूस वाळवून घ्या," अंबाजीराव म्हणाले. "झालं तर मग."

"आणि उद्याची खेप?"

"सहाशे पट्टे आहेत. सगळ्याच बोटी बुडतात का?"

निजाम आपल्या टेबलाशी येऊन बसला. त्याला दिसलं की दोष पट्ट्याचा म्हणून लिहिला तर तो बायकांवर जाणार. स्टोअरचा म्हणून लिहिला तर स्टोअर बायकांकडं बोट दाखवणार. बायकांनी सांगितलं होतं, असं कोणीतरी लिहिलं तरच त्या सुटत होत्या. आणि त्यांनी सांगितलं ते ऐकणारा कचेरीत माणूस एकच होता.

त्यानं कागद घेतला. इंग्रजी लिहिताना तो नेहमी आधी कच्चं लिहायचा. त्या दिवशी सरळ लिहिलं. एकोणिसावं कलम मी पूर्तता न बघता बंद केलं. कापूस ओला असल्याचं भरणाऱ्या बायकांनी मुकादमाला वेळोवेळी सांगितलं होतं. ऑगस्ट महिन्यात त्यांच्यापैकी एकीनं मला स्वतःला सांगितलं. मी तिला गप्प बसवलं आणि नोंद केली नाही. सोबत पट्टा. तिसरी खेप रवाना झाली आहे. चौथी उद्या जायची आहे.

साहेब मुंबईचे होते, मराठी बोलत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि पोत्यातला पट्टा टेबलावर काढायला लावला. पाणी फायलींवर पसरलं.

"कोणी सांगितलं होतं तुला? नाव नाही लिहिलंस."

"खुर्शीदा निजाम शेख. नंबर सतरा."

साहेबांनी मान वर केली. "तुझी कोण?"

"बायको, साहेब. ती आता नाही."

साहेबांनी कागद परत त्याच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "तिचं नाव कागदावर घाल. सांगणारीचं नाव पाहिजे."

निजामनं तिथंच, उभ्यानं ते लिहिलं.

चौथी खेप थांबली. तिसरीसाठी मुंबईला तार गेली. उत्तर दोन आठवड्यांनी आलं. सहाशेपैकी तीनशे ऐंशी पट्टे गोदीतच सापडले आणि बाजूला काढले. बाकीचे बोटींवर वाटले गेले होते. कोणत्या बोटींवर, ते लढाई चालू असताना कळवता येत नव्हतं.

बायकांपैकी कोणाला काढलं नाही. निजामची बढती गेली, रजिस्टर गेलं, आणि त्याला शेडमध्ये टाकलं, उसवलेल्या पट्ट्यांतला कापूस पत्र्यांवर वाळत घालायच्या कामावर. अंबाजीराव भेटले की दुसरीकडं बघत. त्याचं निजामला वाईट वाटत नव्हतं. वाईट याचं वाटायचं की शेडमधल्या बायका त्याच्याशी चांगल्या वागत. कोणी भाकरी देई, कोणी म्हणे, भाऊ, सावलीत बसा. फक्त झुंबरबाई बोलत नसे. ती समोर बसून पट्टे उसवायची आणि मान वर करायची नाही.

डिसेंबरच्या अखेरीस एका दुपारी ती उठून त्याच्यापाशी आली. हातात कोरं कार्ड होतं.

"सोपानला लिवायचंय. मला येत न्हाई. तुमीच लिवा."

निजामनं हात झटकले आणि पेन्सिल घेतली. तिनं सांगितलं, म्हैस व्याली, थंडी लय पडलीया, तुज्या भनीला बगायला सोमाटण्याची मानसं येऊन गेली. त्यानं लिहिलं.

"आता पट्ट्याचं लिवा."

"काय लिहू?"

"ते तुमास्नी ठावं. मला इचारू नगा."

बोटीवर जाणारी कार्डं अधिकारी वाचतात आणि नको ते काळं करतात हे निजामला माहीत होतं. त्यानं बराच विचार केला. मग लिहिलं, 'तुला दिलेला छातीचा पट्टा वजन बांधून एक दिवस पाण्यात ठेवून पाहा. बुडाला तर मागून दुसरा घे, लाजू नको. तो आधीच पाहायला हवा होता. पाहायचं काम माझ्याकडं होतं, मी पाहिलं नाही. निजाम शेख.'

त्यानं तिला वाचून दाखवलं.

"नाव टाकलं?"

"टाकलं."

"त्येच्याकडं त्यातला गेला आसंल का, भाऊ?"

"माहीत नाही, मावशी."

तिनं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि परत त्याच्याकडं दिलं. मग त्याच्या शेजारी, पसरलेल्या कापसाच्या कडेला खाली बसली.

"शेवटचं पुन्ना वाचा," ती म्हणाली.

निजामनं पुन्हा वाचलं.