वृक्षासनातली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. पाठ ताठ, हात नाहीत, आणि एक पाय किंचित आखूड. माझ्यावर फारसे कोणी बसत नाही, तरी नऊ देशांतली माणसे मला ओळखतात. याला गर्व म्हणायचे तर खुशाल म्हणा, पण आधी माझी हकिकत ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या हातून झाला. एका वाचनालयाने त्याच्याकडून चाळीस खुर्च्या करून घेतल्या होत्या. माणूस मोठा कडक. खुर्ची तयार झाली की तिची पाठ दोन्ही हातांनी धरून तो सगळा भार तिच्यावर टाकायचा. जरा करकरली की पुन्हा कामाला घ्यायचा. मी पहिल्याच फटक्यात पास झाले. त्या वाचनालयात मी अठ्ठावीस वर्षे काढली. वर्तमानपत्र तोंडावर घेऊन डुलक्या काढणारे आजोबा आणि परीक्षेच्या आधी नखे खाणारी मुले, सगळ्यांना मी सांभाळले. पुढे तिथे मऊ गाद्यांच्या खुर्च्या आल्या आणि आमची रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. नेताना माझा पाय पायरीवर आपटला, त्याचा टवका उडाला.

तिथून मला भारतातून इथे राहायला आलेल्या एका मराठी जोडप्याने घरी आणले. मराठी मी त्यांच्याकडेच शिकले. पण मी डुगडुगते हे कळल्यावर माझ्या नशिबी आला तो धुतलेल्या कपड्यांचा ढीग. तीन वर्षे माझे तोंड कोणी पाहिले नाही.

मग त्या जोडप्यातल्या बायकोची आई लेकीकडे कायमची राहायला आली. ती चित्रकलेची शिक्षिका होती आणि मायदेशी बावीस वर्षे पहाटे योगाचा वर्ग घेत असे. सगळे तिला बाई म्हणत. इथे लेक आणि जावई सकाळीच कामाला जात. शेजाऱ्यांशी मान हलवण्यापलीकडे बोलणे नव्हते. "दिवसभर घड्याळाशी बोलू का मी?" असे बाई एकदा म्हणाल्या, तेव्हा कपड्यांखाली मला भरून आले. मलाही तोच प्रश्न होता.

लेकीने यावर उपाय काढला. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांसाठी तिने इंटरनेटवर योगाचा गट सुरू केला. दर रविवारी वर्ग. बाईंची सकाळ असली तरी कोणाची दुपार असे, तर कोणाची दिवेलागण. पहिल्या दिवशी पडद्यावर एकतीस हसरे चेहरे होते. एक ट्रकचालक होता, एक परिचारिका होती, बेकरीत काम करणारी एक ताई होती. आणि एक निवृत्त इंजिनिअर होते, त्यांना सगळे सूचनाकाका म्हणत, कारण दर दोन मिनिटांनी त्यांची एक सूचना असे.

बाईंचा पहिलाच नियम होता, "भिंतीला हात लावायचा नाही. आधार घेतला की शरीर आळशी होतं." सूचनाकाका वृक्षासनात कपाट धरून उभे राहिले, तेव्हा बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काका, सोडा ते कपाट. कुठे पळून जात नाही ते." सगळे हसले. पुढच्या रविवारी काकांचा कॅमेरा बंद होता. हळूहळू बाकीच्यांचेही बंद झाले. चेहऱ्यांच्या जागी काळे चौकोन उरले. चौकोनही घटत घटत चौदावर आले.

याच सुमारास बाईंचा डावा गुडघा कुरकुरू लागला. वृक्षासन म्हणजे एका पायावर उभे राहायचे, दुसरा तळवा मांडीला लावायचा आणि दोन्ही हात वर जोडायचे. ते काही जमेना. तेव्हा बाईंनी माझ्यावरचे कपडे पलंगावर टाकले आणि मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने मला बाजूला उभे केले. उजवा हात वर, डावा माझ्या पाठीवर. या आसनाला त्यांनी 'एकहाती प्रकार' असे नावही देऊन टाकले. मी आठ महिने त्यांना पेलले. मान मिळाला होता खरा, पण चोरीचा, आणि ते मला लागत होते.

एका शनिवारी बाई लेकीला म्हणाल्या, "उद्या शेवटचा वर्ग. काळ्या चौकोनांना शिकवायला मी काही वेडी नाही."

"आई, अजून एक महिना बघ ना."

"नको गं. कोणी करतंय की झोपतंय, तेही कळत नाही." एवढे बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या. हा वर्ग गेला की त्यांना पुन्हा घड्याळाचीच सोबत होती.

रविवारी सकाळी जावयाने लॅपटॉप उचलून त्या टेबलावर शर्टाला इस्त्री केली आणि लॅपटॉप परत ठेवला, पण जरा तिरका. बाई चष्मा काढून आसने करत, त्यामुळे त्यांच्या ते लक्षात आले नाही. माझ्या आले. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःला पडद्यावर पाहत होते, आणि माझ्या पाठीवर बाईंची पाच बोटे!

"बाई, एक सूचना," काकांचा आवाज आला. "तुमची खुर्ची दिसतेय."

बाईंनी चटका बसावा तसा हात काढला, त्या हेलकावल्या आणि पाय खाली टेकला. चेहरा लालबुंद. मला वाटले, आता लॅपटॉप मिटणार. त्यांनी चष्मा लावला, पडद्याकडे पाहिले आणि मलाच ओढून मधोमध आणले.

"दिसतेय ना? मग नीट बघा. आठ महिने हिला धरून उभी आहे मी. गुडघा साथ देत नाही. तुम्हाला आधार सोडा सांगत होते आणि स्वतः लपूनछपून घेत होते. चुकलं माझं."

मग एक चौकोन उजळला. सूचनाकाका कपाट धरून उभे होते. दुसरा उजळला. ट्रकचालकाने वाहनतळावर ट्रकच्या दाराची मूठ पकडली होती. बेकरीतल्या ताईचा हात ओट्यावर. परिचारिका पलंगाच्या कडेवर बसून म्हणाली, "पाय सुजतात हो माझे, बसूनच करते. तुम्ही रागवाल म्हणून कॅमेरा लावत नव्हते."

"आणि मला वाटलं, तुम्ही झोपता!"

"शवासनात झोपतो बाई," ट्रकचालक म्हणाला. "बाकी सगळं करतो."

बाई हसता हसता रडल्या, आणि शेवटचा वर्ग शेवटचा राहिला नाही. आज गटात एकशे चाळीस माणसे आहेत. नवीन येणाऱ्याला पहिली सूचना काका देतात, "एक खुर्ची घेऊन बसा." जावयाने माझ्या आखूड पायाला रबर बसवले. मी आता डुगडुगत नाही.

गेल्या वर्षी बाईंच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या तीन महिन्यांत परिचारिकेने वर्ग चालवला, बसूनच. आता बाई दोन्ही हात वर जोडून खुशाल उभ्या राहतात. माझी गरज संपली म्हणून मी मनाशी कपड्यांची तयारी केली होती. पण दर रविवारी त्या मला ओढून आणतात आणि सगळ्यांसमोर धरतात. लेकीने कारण विचारले, तर म्हणाल्या, "कोणीतरी नवीन असतं. कॅमेरा बंद करून बघत असतं."

परवा असाच एक चौकोन बिचकत उजळला. कोणी आजी खिडकीचा गज धरून उभ्या होत्या. बाईंनी त्यांना एवढेच विचारले, "गज पक्का आहे ना?"

मित्रांनो, माझेही मागणे तेवढेच आहे. घरातल्या जुन्या खुर्चीवरचे कपडे उचला, तिचे सांधे अधूनमधून तपासत जा. तिला धरून कोण उभे राहते, हे पुष्कळदा फक्त तिलाच ठाऊक असते.