येळवशीची मीटिंग

येळवशीच्या दिवशी लातुरात मीटिंग! व्हॉट्सॲपवर ती नोटीस वाचून तारामतीबाईंनी कपाळाला हात लावला. अहो, वेळ अमावस्या ती, त्या दिवशी अख्खं शहर शेतात पूजेला अन् जेवायला असतं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात ओढून नेतं. बाजार बंद, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पण पुण्याहून आलेल्या संचालक अंबरीशसाहेबांच्या कॅलेंडरात ती नुसती अमावस्या होती. आणि आपली माणसं तरी काय शहाणी! एकानंही सांगितलं नाही. सगळ्यांनी नोटिशीखाली अंगठे टाकले आणि गप्प बसले. बाईंनीही टाकला. मुद्दाम!

कारण बाईंचा जीव जळत होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनीच ही संस्था काढलेली. दर रविवारी शहरातली पोरं जीपमध्ये कोंबायची आणि शिवारात नेऊन सोडायची. बघा, हुंगा, चाखा, चिखलात पडा. देणग्या वाढल्या तसा अध्यक्ष किशनरावांनी पुण्याहून हा संचालक आणला. पगार असा, की ऐकून माणसानं खाली बसावं. रविवारी मात्र साहेब एकदाही उगवले नाहीत. आणि आता मीटिंगपुढे साहेबांचेच दोन ठराव आले होते. साहेबांचा पगार दुप्पट करायचा, अन् खर्च वाचवायला जीप बंद करून पोरांना हॉलमध्ये पडद्यावर निसर्ग दाखवायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

येळवशीला बाई पोरांना घेऊन नेहमीसारख्या किशनरावांच्या निलंग्याकडच्या शेतात गेल्या. बाकीचे विश्वस्तही तिथंच जेवायला. कडब्याच्या कोपीत, त्या इवल्या खोपटात, पांडवांची पूजा झाली, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढायला घेतली, तेवढ्यात किशनरावांचा फोन वाजला.

"साहेब एकलेच बसलेत हॉलात. चहाची टपरीबी बंद हाय म्हणं," किशनराव जीभ चावत म्हणाले.

"बसू द्या!" बाई फणकारल्या. पण घास काही उतरेना. येळवशीला दुश्मनसुद्धा उपाशी राहू नये. शेवटी त्यांनीच फोन ओढून घेतला. "अहो, काय करताय तिथं? गाडी काढा अन् जेवायला या मुकाट्यानं!"

साहेब आले ते चकचकीत बुटात. पोरांनी बूट काढायला लावले अन् हरभऱ्यात ओढत नेलं. पाल्यावरून बोटं फिरवा, आता चाटा! साहेबांनी तोंड वाकडं केलं, मग परत चाटलं. "आंबट कशानं लागतंय?" म्हणाले. पोरांनी दहा तोंडांनी सांगितलं. मग भज्जी, बाजरीचे उंडे, आणि वर तांब्याभर ताकातली आंबील. आंबील कुणाला सोडते होय! बाभळीखाली साहेब घोरायला लागले.

तो पगार आता किशनरावांनाही जड झालेला, पण तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती. ते हळूच म्हणाले, "समदे हायेतच की. बाई, उरकू का मीटिंग? उठायच्या आत दोन्ही ठराव उडवू."

हात वरही झाले. बाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोला! पण झोपलेल्या माणसाची भाकरी पळवायची? छे. त्या उठल्या अन् साहेबांना गदागदा हलवलं. "उठा. तुमच्या पगाराची मीटिंग आहे. काय ते जागेपणी सांगा."

साहेब डोळे चोळत उभे राहिले. पायाला माती, शर्टावर भज्जी. पोरं शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून टकामका बघत होती. रविवारी आपली जीप निघणार की नाही ते आत्ता ठरणार, हे पोरांनाही कळलं होतं. साहेबांनी मोबाइलवर ठराव उघडले, वाचले, पोरांकडे पाहिलं.

"जीप बंद नको," ते म्हणाले.

"मंग पैसा कुठून आणायचा?" किशनरावांनी विचारलं.

साहेबांनी मोबाइल खिशात घातला. "पगारवाढीचा आहे ना. तोच घाला."

पोरांनी असा कल्ला केला की शेजारच्या शेतातली माणसं धावत आली. बाईंचे डोळे भरून आले, पण गप्प बसतील त्या बाई कसल्या! "अन् आत्ताचा पगार? तोही काही कमी नाही."

"त्याचं पुढच्या वर्षीच्या मीटिंगमध्ये बघू," साहेब पुटपुटले.

"बघू की! फक्त येळवशीलाच ठेवा."