एकेचाळीसची ओळ

"आंटी, एकेचाळीस नंबरवाल्याला परत रक्त द्यायला बोलावलंस ना?" लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या टिनाने दारातूनच विचारलं.

सेलिनाने मान वर केली. "कशाला? त्याचा रिपोर्ट तर दुपारीच गेला."

"गेला? बाटली फुटली ना त्याची सकाळी! रिझल्टच नाय त्याचा."

सेलिना झटकन कॉम्प्युटरकडे वळली. साकीनाक्याच्या त्या लॅबमध्ये अकरा वर्षं ती हेच करत होती. काउंटरवरून नावांची फाइल यायची, मशीनकडून निकालांची. काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड टाइप केली की प्रोग्राम पहिल्या नावापुढे पहिला निकाल, दुसऱ्यापुढे दुसरा असे जोडत जायचा आणि रिपोर्ट थेट लोकांच्या फोनवर जायचे.

तिने निकालांची फाइल उघडली. एकेचाळिसावी ओळ कोरी. प्रोग्रामने कोरी ओळ गाळली होती आणि खालचे सगळे निकाल एकेक घर वर सरकवले होते. एकेचाळीसपासून प्रत्येकाला पुढच्याचं रक्त चिकटलं होतं.

नावं त्रेसष्ट, निकाल बासष्ट, हे प्रोग्रामने ओरडून सांगितलंच असतं. पण बारीकसारीक गोष्टींवरून तो सारखा कटकट करतो म्हणून गेल्या नाताळात सेलिनानेच कमांडच्या शेवटी दोन अक्षरं जोडून त्याच्या सूचना बंद केल्या होत्या. कोणाला विचारलं नव्हतं.

पडद्यावर बोट ठेवून ती एकेक नाव तपासत गेली. अठ्ठेचाळीसवर बोट थांबलं. धोंडू परब, वय एकाहत्तर, कुर्ला. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. रिपोर्ट म्हणत होता, रक्त घट्ट झालंय. त्यांच्या खऱ्या निकालात मात्र ते नको इतकं पातळ दिसत होतं. अशात गोळी वाढवली तर आतल्या आत रक्तस्राव.

तिने परबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्यांच्या डॉक्टरांचा तर बंदच.

"बाकीच्यांना तू आणि टिना फोन करा," तिने मॅनेजर विशालला सांगितलं. "मी कुर्ल्याला चालले."

"मॅडम, सिस्टिमचा प्रॉब्लेम झाला म्हणून सांगा, बस."

ट्रॅफिकमध्ये रिक्षा जागेवरून हलेना. सेलिना मिनिटामिनिटाला फोन लावत होती आणि मनातल्या मनात येशूला हाक मारत होती.

चाळीतल्या खोलीचं दार उघडंच होतं. धोंडू परब धुतलेला सदरा घालून टाळ पुसत बसले होते.

"गोळी घेतलीत?" तिने धापा टाकत विचारलं.

"घेतलंय तर. भजनाक जाऊचा हा, म्हणान आधीच घेतलंय. डॉक्टर म्हणालो, आजपासून दीड." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू कोण गो?"

हिरड्यांतून आलेलं रक्त त्यांच्या दातांवर दिसत होतं. कोपरावर काळानिळा डाग होता.

आतून सून आली. मानसी. रिपोर्ट चुकल्याचं सेलिनाने सांगताच तिचा चेहरा लाल झाला. "असं कसं काय? माणसाच्या जिवाशी खेळता काय तुम्ही लोक?"

"आधी हॉस्पिटलला चला," सेलिना म्हणाली. "मग मला काय बोलायचं ते बोला."

हॉस्पिटलमध्ये नव्याने रक्त तपासलं, सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत. आज राहू दे इथेच, लक्ष ठेवावं लागेल." मानसी मटकन बाकावर बसली. सेलिनाला तिच्या शेजारी बसायचा धीर झाला नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

फोन वाजला. विशाल होता. "सगळ्यांना कळवलं. आणि मॅडम, तिथे लिहून काही देऊ नका हां. तुमच्यावर शेकेल."

काउंटरवरच्या नर्सने फॉर्म पुढे केला. "गोळी जास्त का घेतली, कारण लिहा. घरचे कोण आहेत?"

मानसी उठायला लागली.

"मी लिहिते," सेलिना म्हणाली. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि शाळेत असताना लिहायची तशा मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, 'लॅबने चुकीचा रिपोर्ट दिला.' क्षणभर थांबून तिने 'लॅबने' खोडलं, वर 'मी' लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने सही केली.