इंजिन बंद करू नका

आमच्या लँकेशायरच्या किनाऱ्यावर शिंपल्या काढायला एक फळी लागते. वर दोन दांडे ठोकलेली ती जड फळी ओल्या वाळूवर ठेवून डावी-उजवी डोलवत राहायचं. वाळू खिमटासारखी सैल होते आणि शिंपल्या आपण होऊन वर येतात. डोलवणं थांबलं की तीच वाळू फरशीसारखी घट्ट. हे मला आईने शिकवलं. कॅप्टन थ्रेलना कुणीच शिकवलं नव्हतं, आणि शिकायची त्यांना हौसही नव्हती.

महायुद्ध संपून सहा वर्षं झाली होती. बाँबफेकी विमानासाठी बांधलेलं, बारा सिलिंडरचं एक अवाढव्य इंजिन त्यांनी मोटारीत बसवलं होतं. जगातली सगळ्यात वेगवान मोटार करायची होती ना! बसवलं म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, जेबने. दोन वर्षं तो त्या शेडमध्येच जेवला, तिथेच झोपला. चाळिशी आली तरी लग्नाचं नाव नाही.

"हीच तुझी बायको का रे?" मी विचारायची.

"बायकोने एवढं तेल प्यायलं असतं तर माहेरी धाडली असती, पेग," तो म्हणायचा.

वेगाच्या चाचणीच्या दिवशी लोक किनाऱ्यावर बघायला जमले, पण सकाळभर धुकं होतं. ओहोटीची चांगली वेळ त्यात गेली. धुकं विरलं तेव्हा पाणी परतायला जेमतेम तास उरला होता. तरी कॅप्टनसाहेबांनी वाळूवर उभ्या मोटारीचं इंजिन चालू केलं. ते तापल्याशिवाय मोटार हलवायची नाही, असा त्यांचा नियम. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझ्या पायांतून थरथर दातांपर्यंत चढत होती.

आणि मला चाकांजवळ शिंपल्या दिसल्या. आधी दोन-चार, मग पसाभर. तिथे कुणीही फळी लावलेली नव्हती.

मी धावत गेले. "साहेब, मोटार पुढे घ्या! खालची वाळू सैल होतेय!"

"बाई, शिंपल्या विकायच्या असतील तर नंतर या," ते ओरडले. लोक हसले.

तेवढ्यात मागचं डावं चाक वीतभर खाली गेलं. जेब एक फळकूट घेऊन चाकाखाली सरकवायला मोटारीतून उतरला आणि मांड्यांपर्यंत आत गेला.

"बंद करू नका!" मी किंचाळले. "साहेब, इंजिन बंद करू नका!"

पण माणूस अडकला तर इंजिन बंद करायचं, हे कुणालाही सुचेल. त्यांनी बंद केलं. सगळीकडे एकदम शांत झालं, आणि वाळूने माझ्या भावाचे दोन्ही पाय धरले.

मी फळी आणून डोलवू लागले. मांडीभर खोल वाळू माझ्या फळीला काय दाद देणार? दोन माणसांनी काखेत धरून ओढलं तेव्हा जेब असा ओरडला की त्यांनी हात सोडले. शेतावरचे घोडे आले. दोर बांधून मोटार निघाली असती, जेब नाही. पाणी तोवर आमच्या घोट्यांशी आलं होतं.

"इंजिन पुन्हा चालू करा," मी म्हटलं. "ते हललं की वाळू सोडेल."

"मोटार बुडेल," कॅप्टन म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि चालू करायला दाबलेल्या हवेची एकच टाकी उरलीय."

"नको, पेग." हे जेब बोलला. पाणी त्याच्या कमरेशी होतं. "दुसरं इंजिन मिळणार नाही. आधी ते काढा. मी थांबतो."

"गाढवा, समुद्र थांबणार आहे का?"

कॅप्टनसाहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी घोड्याचा दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि आत चढले. त्या माणसाला मी आजवर पुष्कळ शिव्या दिल्यात, पण तेवढ्यासाठी मी त्यांना मानते.

हवा फुसफुसली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि पेटलं. वाळूचं पाणी झालं. मी फळीवर पोट टेकून जेबची कॉलर धरली, मागून दोघांनी माझे पाय ओढले, आणि तो आला. बूट आतच राहिले. घोड्याने कॅप्टनना ओढून काढलं. मोटार कुणाची वाट न पाहता खाली जात राहिली. धुराड्यांवर पाणी आलं तरी इंजिन आत गुरगुरत होतं. मग बुडबुडे आले, आणि तेही थांबले.

जेब अनवाणी उठला आणि पाण्याकडे चालायला लागला. मी दोन्ही हातांनी त्याला धरलं. माझ्या तोंडाकडे बघून त्याने एवढंच विचारलं, "इंजिन चालू करायला त्यांना का सांगितलंस?"

त्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. जेब माझ्याच घरी राहतो, सायकली दुरुस्त करतो. पहाटेची ओहोटी असली की, तो वाळूकडे निघायच्या आत, मी उठते आणि दाराला कडी घालते.