चेंडूच्या पोटात काय आहे?

मित्रांनो, मला उचलायचं असेल तर आधी गुडघे वाकवा, दोन्ही हात माझ्याखाली घाला आणि मग उचला. नाहीतर कंबर धरून बसाल आणि शिव्या मला द्याल. मी एक जुना, भरीव, चामड्याचा चेंडू आहे. मी उसळत नाही. भिंतीवर मारलात तर 'धप्' करून खाली पडतो आणि तिथेच बसतो. व्यायाम करणाऱ्यांचे हात नि पाठ बळकट व्हावी म्हणून माझा जन्म झाला.

तिसा नदीकाठच्या आमच्या गावात घोड्यांची खोगिरं शिवणारा एक कारागीर होता. ट्रॅक्टर आले, घोडे गेले, आणि त्याच्याकडे नुसतं चामडं उरलं. त्यातून त्याने मला शिवलं. पण शेवटचा टाका पडेपर्यंत मी चेंडू नव्हतोच ना! त्यामुळे त्याने माझ्या पोटात काय भरलं, हे मला कधी कळलंच नाही. कोणी म्हणे वाळू, कोणी म्हणे घोड्याचे केस. एक म्हातारा तर शपथेवर सांगायचा, की कारागिराने आपले सोन्याचे दात माझ्यात लपवलेत. मी सगळ्यांचं ऐकायचो आणि दर वेळी वाटायचं, हेच खरं असेल.

गावच्या व्यायामशाळेत मुलींचा हँडबॉलचा संघ सराव करायचा. त्यांची गोलकीपर होती रादोय्का. सामन्याआधी मैत्रिणी मला जीव खाऊन तिच्या अंगावर फेकायच्या आणि ती मला छातीशी असं घट्ट धरायची, की मला अगदी घरी आल्यासारखं वाटायचं. तिच्या गोलमधून वारासुद्धा जात नाही, असं गाव म्हणायचं. एकदा सराव संपल्यावर तिने मला कानाशी धरून हलवलं होतं. "सांग की रे, पोटात काय आहे तुझ्या?" मी काय सांगणार, कप्पाळ?

पुढे संघ मोडला, व्यायामशाळेला कुलूप लागलं आणि माझी रवानगी तळघरात झाली. तिथे ओल होती, अंधार होता आणि उंदीर होते. त्यांनी माझी शिवण कुरतडली, आत ये-जा केली, पण आत काय दिसलं ते मला सांगितलं नाही. मित्रांनो, त्या वर्षांत मला कोणाची आठवण झाली नाही असं मी म्हणणार नाही. मला रोज त्या हातांची आठवण यायची.

मग एके दिवशी स्तानाबाईंनी कुलूप उघडलं. त्या पूर्वी गावच्या शाळेत खेळ शिकवायच्या, आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी दारावर पाटी लावली: दर बुधवारी सगळ्यांनी मिळून व्यायाम, नंतर एकत्र जेवण. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी.' आणि खरोखर तसेच लोक आले. चाकाच्या खुर्चीतून इलोना आली, तिचा शिवणकामाचा धंदा आहे. पियानो सुरात लावून देणारा तेओदोर आला, त्याला जन्मापासून दिसत नाही. ओग्न्येन आला. तो तिशीचा आहे. त्याला शिकायला नि बोलायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, पण नियम त्याच्याइतका काटेकोर कोणी पाळत नाही. म्हणून पातेल्याच्या झाकणाचा ताबा त्याच्याकडे होता.

ते झाकण म्हणजे आमच्या बुधवारचा जीव. शेवटी सगळे गोल करून बसत आणि मला एकाकडून दुसऱ्याकडे टाकत. मी खाली न पडता एक फेरी पूर्ण केली, की ओग्न्येन झाकण उघडणार. पडलो, की फेरी पहिल्यापासून आणि झाकण बंद. आत पांढऱ्या घेवड्याचं पातळ कालवण असे, कांदा, गाजर आणि लाल मिरचीची पूड घातलेलं. फक्त त्यात धुरी दिलेल्या डुकराच्या बरगड्या नसत, आणि मीठही बेताचंच, तब्येतीसाठी. आमच्या गावात हा गुन्हाच. पहिल्या बुधवारी लोकांनी असे चेहरे केले, जणू बाईंनी पातेल्यात नुसतं पाणी उकळलं होतं. तिसऱ्या बुधवारी तेच लोक भांडी पावाने पुसून खाऊ लागले.

आणि एका बुधवारी रादोय्का आली.

पावलांवरून मी तिला ओळखलं नाही. एक पाय फरफटत होता. तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि डावा हात मांडीवर पडून होता. नवरा झिवान तिला धरून आणत होता. ती भिंतीलगतच्या बाकावर बसली, ती बसलीच.

"रादोय्कामावशी, गोलात ये," ओग्न्येन म्हणाला.

"मी कालवण प्यायला आलेय रे बाबा. तुम्ही खेळा."

"बाई म्हणाल्या, सगळ्यांनी."

"बाईंना म्हणावं, माझ्या हातून चेंडू सुटलेला या गावाने पाहिला नाही, आणि पाहणारही नाही."

मी तेव्हा इलोनाच्या मांडीवर होतो. माझा जीव नुसता तळमळत होता. कसे झाले असतील ते हात? अजून तसेच उबदार असतील का? तिला मी आठवत असेन का? कितीतरी बुधवार गेले. ती बाकावरून बघायची, जेवायची, घरी जायची. झिवान बाकी व्यायाम अंग चोरून करायचा आणि पातेल्याभोवती घिरट्या घालायचा.

"झिवान, खिशातलं हाड खिशातच राहू दे," तेओदोर लांबूनच म्हणायचा. "वास येतोय."

"थोडी चव आली असती रे!"

"तुझ्या त्या चवीनेच मला या बाकावर आणून बसवलंय," रादोय्का म्हणायची, आणि झिवान हाड खिशात आणखी खोल ढकलायचा.

वसंत लागला तसं तिचं बोलणंही कमी झालं. एका बुधवारी ती आल्या आल्या म्हणाली, "बाई, आज शेवटचं. पुढच्या वेळेपासून मी येत नाही. लोक घाम गाळतात आणि मी आयतं खाते, मला लाज वाटते."

मला तर ब्रह्मांड आठवलं. ही आता गेली की घरात बसून राहील, हे तिथे सगळ्यांना कळत होतं.

फेरी सुरू झाली. तेओदोरची पंचाईत नेहमीचीच होती. मला आवाज नाही. टाकणारा त्याचं नाव घेऊन ओरडायचा आणि तो अंदाजाने हात पुढे करायचा. त्या दिवशी अंदाज चुकला. मी त्याच्या बोटांना लागून उडालो, बाकाच्या लोखंडी पायावर आपटलो आणि उंदरांनी कुरतडलेली माझी शिवण टरकन उसवली. मी रादोय्काच्या पायाशी पडलो होतो, पोट उघडं टाकून.

रादोय्का वाकली. उजव्या हाताने तिने मला मांडीवर ओढलं आणि आत हात घातला. किती वर्षं तिला हे बघायचं होतं!

"घोड्याचे केस," ती म्हणाली. "चिंध्या. आणि हे काय? अक्रोडाची टरफलं! उंदरांनी संसार थाटला होता की इथे."

"आणि सोन्याचे दात?" झिवानने विचारलं.

"शोध तू."

खरं सांगतो, मी जरा खट्टू झालो. एवढंच होतो मी? पण ती मला फेकून देईना. कुजलेल्या चिंध्या काढून टाकता टाकता ती मध्येच थांबली आणि तेओदोरकडे बघत राहिली.

"ओग्न्येन, कोरडा घेवडा आहे का रे? दोन ओंजळी आण. इलोना, तुझी जाड सुई दे."

माझ्या पोटात उरलेले केस गेले आणि त्यांच्यामध्ये इलोनाच्या बटणांच्या पत्र्याच्या डबीत खुळखुळणारा घेवडा गेला. तिने मला गुडघ्यांत दाबून धरलं. सुई ती घालायची आणि दोरा झिवान ओढायचा.

"ओढ ना जोराने! बरगड्या खायला ताकद असते तेव्हा!"

शेवटचा टाका पडला. मी पूर्वीपेक्षा हलका झालो होतो, याचं मला थोडं वाईट वाटलं. वजनाचा मला गर्व होता. रादोय्काने मला हलवलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वाजलो.

तेओदोरचा चेहरा एकदम वर झाला. "टाक!"

तिने एका हाताने टाकलं. मी खुळखुळत गेलो आणि त्याने मला हवेतच अचूक धरलं. लोक ओरडले. तो इतका खूश झाला की त्याने विचार न करता मला आल्या वाटेने परत फेकलं, सरळ तिच्याकडे.

उजवा हात आला. डावा आला नाही. मी तिच्या छातीला लागलो, घसरलो आणि खाली पडलो.

मित्रांनो, त्या क्षणी व्यायामशाळेत माझ्या पोटातल्या घेवड्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता. झिवानने डोळे मिटून घेतले. स्तानाबाई पुढे सरसावल्या, पण त्यांच्याआधी ओग्न्येन बोलला. तो चांगलाच वैतागला होता.

"पडला! झाकण बंद! फेरी पहिल्यापासून! मावशी, नीट पकड ना, भूक लागलीय मला!"

रादोय्का त्याच्याकडे बघतच राहिली. तिला झटका आल्यापासून तिच्याशी सगळे हळू आवाजात बोलत होते. तिच्यावर कोणी रागावलंच नव्हतं. आधी तिचे खांदे हलले. मग ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"बाक सरकवा रे गोलात," ती म्हणाली. "आणि तू, तेओदोर, जरा उजवीकडे टाक."

त्या दिवशी जेवण फार उशिरा झालं. मी तिच्या हातून आणखी पुष्कळदा पडलो. पण जेव्हा तिने मला एका हाताने छातीशी दाबून धरलं, तेव्हा मला कळलं की ते हात तसेच आहेत. एक हात असला तरी घर तेच होतं.

अजूनही ती दर बुधवारी येते, मला पाडते, आणि ओग्न्येनचा ओरडा खाते. मला आता माझ्या पोटात काय आहे ते ठाऊक आहे. तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला तळघरात टाकू नका, ओलीपासून जपा आणि उसवला तर शिवा. आणि गोलाबाहेर बसलेलं कोणी दिसलं, तर जमेल का, झेपेल का, असं विचारत बसू नका. त्याच्याकडे चेंडू टाका. पडलो तर पडलो; मी चामड्याचा आहे, मला काही होत नाही.